ट्रेन सिम्युलेटरमध्ये ऊन-सावली खरी कशी आणायची: नवीन लोकांसाठी, पायरी पायरीने

नवीन माणूस ट्रेन सिम घेतो आणि पहिल्यांदा काय करतो तर सेटिंगमध्ये जाऊन शॅडो क्वालिटी अल्ट्रा. सावल्यांच्या कडा एकदम स्वच्छ येतात, खांब दिसतात, झाडाची पानं दिसतात, आणि तरीपण काहीतरी खटकत राहतं ते कळत नाही. बहुतेक वेळा खटकत असते ती दिशा. सकाळी आठची गाडी पश्चिमेला निघालीय आणि ऊन समोरून काचेवर येतंय, किंवा बाहेर बर्फ पडलाय आणि भर दुपारी डब्याची सावली डब्याच्या पोटाखाली गोळा झालीय. डोळ्याला लगेच कळतं की हे खोटं आहे, कारण सांगता आलं नाही तरी. माझं तर ठाम मत आहे की लो क्वालिटीवरची पण बरोबर बाजूला पडलेली सावली अल्ट्रावरच्या चुकीच्या सावलीपेक्षा कितीतरी पटीने खरी वाटते. आणि दिशा बरोबर आणायला महागडं ग्राफिक्स कार्ड लागत नाही, फक्त चार गोष्टी बरोबर लागतात: जागा, तारीख, घड्याळ आणि उत्तर दिशा. ह्या चार नीट झाल्या की मग क्वालिटीकडे वळायचं.

पायरी १: सूर्याचे दोन आकडे समजून घ्या

सूर्य आकाशात कुठे आहे हे दोन आकड्यांत सांगता येतं. एक उंची, म्हणजे क्षितिजापासून किती डिग्री वर. दुसरा दिगंश, म्हणजे उत्तरेपासून घड्याळाच्या काट्यासारखं मोजत गेलं तर किती डिग्रीवर, उत्तर ०, पूर्व ९०, दक्षिण १८०, पश्चिम २७०. सावलीची दिशा म्हणजे दिगंशात १८० मिळवायचे, ३६० च्या वर गेलं तर ३६० वजा करायचे, झालं.

सावलीची लांबी म्हणजे वस्तूची उंची भागिले सूर्याच्या उंचीचा टॅन. फोनच्या कॅल्क्युलेटरवर होतं हे. ४५ डिग्रीला सावली वस्तूएवढीच, ३० ला साधारण १.७ पट, १५ ला ३.७ पट, आणि ५ डिग्रीला तब्बल ११ पटीच्या वर. म्हणजे उन्हं कलली की सावली हळूहळू वाढत नाही, शेवटी शेवटी ती पळतच सुटते, आणि सिममध्ये संध्याकाळ खरी वाटते ती ह्याच्यामुळे, नुसतं आकाश केशरी केल्याने नाही.

भर दुपारची उंची काढायला एक सोप्पं सूत्र आहे: ९० मधून, अक्षांश आणि सूर्याची क्रांती ह्यांच्यातला फरक वजा करा. क्रांती म्हणजे सूर्य विषुववृत्ताच्या किती उत्तरेला किंवा दक्षिणेला आहे, २१ जूनच्या आसपास उत्तरेला २३.४ डिग्री, २१-२२ डिसेंबरला दक्षिणेला २३.४ (दक्षिणेचा आकडा सूत्रात वजा धरायचा), आणि मार्च-सप्टेंबरमध्ये दिवस-रात्र सारखी असते तेव्हा ०. लंडन साधारण ५१.५ उत्तर, म्हणजे जूनमध्ये दुपारी सूर्य ६२ डिग्रीवर आणि डिसेंबरमध्ये फक्त १५ वर. ४ मीटर उंच डबा घेतला तर जूनच्या दुपारी सावली २ मीटरच्या जरा वर आणि डिसेंबरच्या दुपारी जवळजवळ १५ मीटर! तोच डबा, तेच स्टेशन, तीच दुपार.

अजून एक, "सूर्य पूर्वेला उगवतो" हे वाक्य सिमपुरतं जरा बाजूला ठेवा. बरोबर पूर्वेला तो वर्षातून दोनदाच उगवतो. लंडनच्या अक्षांशावर जूनमध्ये तो जवळजवळ ईशान्येला, ५० डिग्रीच्या आसपास उगवतो आणि डिसेंबरमध्ये आग्नेयेला, १३० च्या आसपास. उत्तर-दक्षिण जाणाऱ्या लाइनवर ह्याने किती फरक पडतो बघा, जूनच्या पहाटे उत्तरेकडे जाणाऱ्या गाडीच्या कॅबमध्ये उजवीकडून तिरपं कोवळं ऊन येतं आणि डिसेंबरमध्ये तेच ऊन मागच्या बाजूने येतं.

पायरी २: रूट पृथ्वीवर कुठे आहे ते तपासा

ओपन रेल्समध्ये रूटच्या अक्षांश-रेखांशावरून सूर्याची जागा सिम स्वतः काढतो, त्यामुळे रूट खऱ्या जागी बसवलेला असेल तर अर्धं काम आपोआप होतं. ट्रेन्झ ह्या सिममध्ये रिजन म्हणून जी गोष्ट रूटला जोडलेली असते तिच्यात अक्षांश-रेखांश लिहिलेले असतात, काल्पनिक रूट बनवणारे ती बघतच नाहीत आणि मग पाइनची जंगलं, बर्फ सगळं आहे पण ऊन भलत्याच देशाचं, असं होतं. ओपनबीव्हीई ह्या सिममध्ये उन्हाची दिशा हाताने लिहावी लागते आणि ती लाइनच्या सुरुवातीच्या दिशेच्या हिशोबाने असते, त्यामुळे पहिला ट्रॅक कुठल्या दिशेला तोंड करून निघतो हे माहीत नसेल तर लिहिलेल्या आकड्याला अर्थ नाही.

स्वतः अनरियल इंजिनमध्ये (गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) काही बनवत असाल तर सूर्याच्या जागेचा तयार प्लगइन आहे, त्यात अक्षांश, रेखांश, टाइम झोन, तारीख भरायची आणि उत्तर किती फिरवायची ते पण सांगता येतं. युनिटी ह्या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये डायरेक्शनल लाइट, म्हणजे सूर्यासारखा एकाच दिशेने येणारा उजेड, असेल आणि तुमची उत्तर झेड अक्षावर असेल तर लाइटचा एक्स रोटेशन म्हणजे सूर्याची उंची आणि वाय रोटेशन म्हणजे दिगंश अधिक १८०. हे १८० विसरू नका, कारण लाइटचं तोंड ऊन जिकडे जातं तिकडे असतं, जिकडून येतं तिकडे नाही. सकाळची सावली संध्याकाळच्या बाजूला पडत असेल तर पहिला संशय इथेच घ्यायचा.

दक्षिण गोलार्धातला रूट असेल तर डोक्यातलं चित्र उलटं करा. सिडनी साधारण ३४ दक्षिण, तिथे दुपारचा सूर्य उत्तरेला असतो आणि उत्तरेकडे तोंड करून उभं राहिलं तर तो उजवीकडून डावीकडे जातो. ऋतू पण उलटे, डिसेंबरात उन्हाळा, तेव्हा दुपारचा सूर्य तिथे जवळजवळ ८० डिग्रीवर असतो. आणि कर्कवृत्त ते मकरवृत्त ह्या पट्ट्यातल्या रूटवर तर वर्षातून दोनदा सूर्य बरोबर डोक्यावर येतो, खांबाची सावली खांबाच्या बुडाशी नाहीशी होते, आणि त्या दोन दिवसांच्या आगेमागे दुपारची सावली बाजू बदलते. त्या पट्ट्यात उत्तर गोलार्धात असूनही उन्हाळ्यात दुपारी सावली दक्षिणेला पडलेली दिसली तर तो बग समजू नका, तसंच असतं.

पायरी ३: तारीख, नुसता ऋतू नाही

बरेच सिम तुम्हाला फक्त ऋतू विचारतात आणि आतली तारीख स्वतः धरतात. जिथे तारीख टाकता येते तिथे नक्की टाका. फरक किती पडतो ते एका उदाहरणात बघा, ५१.५ उत्तर अक्षांश, सूर्याच्या वेळेप्रमाणे सकाळचे नऊ. २१ जूनला सूर्य ४६ डिग्री वर आणि दिगंश ११२, म्हणजे पूर्वेच्या जरासा दक्षिणेला. २१ डिसेंबरला त्याच वेळी उंची फक्त ५ डिग्री आणि दिगंश १३९, म्हणजे आग्नेयेच्या पण पुढे. ४ मीटर डब्याची सावली जूनमध्ये जेमतेम ४ मीटर, डिसेंबरमध्ये ४० मीटरच्या वर, सगळे ट्रॅक ओलांडून पलीकडच्या भिंतीवर चढलेली. ऋतूचं टेक्स्चर बदलून झाडांची पानं गाळली पण सूर्य मेमधलाच ठेवला, तर हिवाळा कधीच येत नाही.

मार्च आणि सप्टेंबरमध्ये क्रांती भराभर बदलते, दिवसाला साधारण ०.४ डिग्री, तर जून आणि डिसेंबरच्या आसपास ती जवळजवळ थबकलेली असते. म्हणून १० जून टाका की २ जुलै, काही बिघडत नाही, पण १ मार्च आणि ३१ मार्च ह्यात चांगलाच फरक दिसतो.

फार उत्तरेकडच्या लाइनी घेतल्या तर मजा अजून वेगळी. नॉर्वेतलं नार्विक ६८.४ उत्तर, तिथल्या ओफोटेन लाइनवर २१ जूनच्या मध्यरात्री सूर्य बरोबर उत्तरेला असतो, क्षितिजाच्या जेमतेम २ डिग्री वर, डोंगर आडवा आला नाही तर. आणि डिसेंबरच्या शेवटी तो उगवतच नाही, दुपारी नुसता निळसर संधिप्रकाश. सिम तुम्हाला तिथे डिसेंबरात लख्ख ऊन दाखवत असेल तर अक्षांश कुठेतरी चुकलंय हे नक्की.

पायरी ४: घड्याळाची वेळ आणि सूर्याची वेळ

इथे सगळ्यात जास्त लोक अडकतात, आणि गंमत म्हणजे हा घोळ रेल्वेनेच घातलाय. पूर्वी प्रत्येक गावाची वेळ त्या गावाच्या सूर्यावर चालायची, ब्रिस्टलचं घड्याळ लंडनच्या १० मिनिटं मागे असायचं. अशाने टाइमटेबल चालवणार कसं? म्हणून इंग्लंडच्या ग्रेट वेस्टर्न रेल्वेने १८४० साली आपल्या सगळ्या स्टेशनांवर लंडनची वेळ लागू केली, आणि १८ नोव्हेंबर १८८३ ला अमेरिका-कॅनडाच्या रेल्वेंनी मिळून टाइम झोन आणले. तेव्हापासून स्टेशनचं घड्याळ आणि सूर्य वेगवेगळे चालतात आणि सिममध्ये दोन्ही दाखवायचे तर मधला हिशोब करावा लागतो.

हिशोब असा: पृथ्वी तासाला १५ डिग्री फिरते, म्हणजे एका रेखांशाला ४ मिनिटं. टाइम झोनचा जो मुख्य रेखांश असतो त्याच्या पूर्वेला तुमचा रूट असेल तर प्रत्येक डिग्रीला ४ मिनिटं मिळवा, पश्चिमेला असेल तर वजा करा. सगळ्यात भारी उदाहरण ल्हासाचं. चीनभर एकच वेळ, १२० पूर्व रेखांशाची, आणि ल्हासा आहे ९१ पूर्वला, म्हणजे २९ डिग्री पश्चिमेला, म्हणजे सूर्य जवळजवळ २ तास मागे. छिंगहाय-तिबेट रेल्वेचा रूट चालवताना घड्याळात १२ वाजले तेव्हा उन्हाचा कोन सकाळी दहाचा असायला पाहिजे, आणि सावल्या सगळ्यात आखूड होणार दोनच्या सुमारास.

ह्याच्यावर अजून एक छोटी दुरुस्ती असते, कालसमीकरण, कारण पृथ्वीची कक्षा गोल नाही आणि अक्ष कललेला आहे, त्यामुळे सूर्य वर्षभर घड्याळाच्या थोडा पुढेमागे होतो. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तो १६ मिनिटांनी पुढे असतो आणि फेब्रुवारीच्या मध्यात १४ मिनिटांनी मागे. नवीन असाल तर हे सोडून दिलं तरी चालेल, १६ मिनिटं म्हणजे सूर्य स्वतःच्या वाटेवर ४ डिग्री इकडेतिकडे, दुपारी नजरेत येत नाही, फक्त सूर्योदय-सूर्यास्ताच्या आसपासचा सीन करताना लक्षात ठेवा.

पण समर टाइम सोडू नका. युरोप-अमेरिकेत उन्हाळ्यात घड्याळ १ तास पुढे असतं, सकाळी ८ च्या गाडीला सूर्य सातचा. काही सिमना हे कळतं, काहींना अजिबात नाही, आणि कळत नसेल तर तुमच्या सगळ्या उन्हाळी सीनारिओत सावली १ तास पुढची पडते. तपासायचं कसं ते पुढच्या पायरीत.

पायरी ५: खांबाची चाचणी

हे एकदा करा आणि तुमच्या रूटबद्दल सगळं कळेल. सपाट जागेवरचा एक सरळ उभा खांब शोधा, सिग्नलचा किंवा ओव्हरहेड वायरचा. भराव, खडीचा उतार, कटिंग असलं काही नको, उतारावर सावली लांब-आखूड होते. कॅमेरा बरोबर वरून खाली बघत लावा, म्हणजे खांब ठिपक्यासारखा आणि सावली रेघेसारखी दिसेल. आता सकाळी ११ पासून दुपारी २ पर्यंत दर १० मिनिटांनी वेळ पुढे सरकवत स्क्रीनशॉट काढा, आणि सावली मोजायला शेजारचा ट्रॅक वापरा, स्टँडर्ड गेज असेल तर दोन रुळांमधलं अंतर १.४३५ मीटर, ही तुमची मोजपट्टी.

सावली सगळ्यात आखूड ज्या शॉटमध्ये आहे, तो रूटचा खरा मध्यान्ह. त्या एका शॉटमधून तीन गोष्टी मिळतात. सावलीची रेघ बरोबर उत्तर-दक्षिण असते, म्हणजे सिमची उत्तर कुठे आहे ते कळलं, ती खऱ्या नकाशाशी जुळवा. सावलीची लांबी आणि खांबाची उंची ह्यावरून सूर्याची उंची निघाली, ती पायरी १ च्या सूत्रात घाला, अक्षांश आणि तारीख बरोबर आहे का कळलं. आणि त्या क्षणी घड्याळात काय वाजलेत त्यावरून टाइम झोन आणि समर टाइमचा निकाल लागला. बरोबर १ तासाचा फरक येत असेल तर समर टाइम, ५-१० मिनिटांचा असेल तर रेखांश किंवा कालसमीकरण, आणि रेघ वाकडी येत असेल तर रूट बनवणाऱ्याने नकाशा फिरवून बसवलाय.

ताळा करायला एनओएए ह्या अमेरिकन हवामान संस्थेचा सोलर कॅल्क्युलेटर फुकट आहे, सनकॅल्क आहे, स्टेलॅरियम आहे, थ्रीडी मॉडेल बनवायला ब्लेंडर वापरत असाल तर त्यात सन पोझिशन नावाचा ॲड-ऑन आहे. जागा, तारीख, वेळ टाका, उंची आणि दिगंश मिळतो.

पायरी ६: एक गाडी पूर्ण करून बघू

लंडन पॅडिंग्टन ते रीडिंग, ग्रेट वेस्टर्न मेन लाइन, २१ मार्च, घड्याळात सकाळी ९. समर टाइम तिथे मार्चच्या शेवटच्या रविवारी लागतो, म्हणजे अजून लागलेला नाही. रेखांश जवळजवळ ०, कालसमीकरण साधारण ७ मिनिटं वजा, म्हणजे सूर्याची वेळ ८:५२ च्या आसपास. ह्याने सूर्याची उंची येते २५ डिग्री आणि दिगंश १२६. सावली पडणार ३०६ वर, म्हणजे वायव्येकडे.

गाडी पश्चिमेला चाललीय, २७० वर. ३०६ वजा २७०, ३६. म्हणजे ड्रायव्हरच्या दृष्टीने सावली समोरच्या दिशेपासून ३६ डिग्री उजवीकडे, थोडी पुढे झुकलेली. ४ मीटर डब्याची सावली २५ डिग्रीला साडेआठ मीटर लांब, त्यातलं ट्रॅकला आडवं अंतर ५ मीटरच्या आसपास. इथे चार ट्रॅक आहेत आणि मेन लाइनी दक्षिणेच्या बाजूला, त्यामुळे लंडनहून निघालेली फास्ट गाडी सगळ्यात दक्षिणेकडच्या ट्रॅकवर असते आणि तिची सावली उजवीकडच्या अप मेनवर, म्हणजे लंडनकडे येणाऱ्या मेन ट्रॅकवर, जाऊन पडते. समोरून गाडी आली तर तिच्या डब्यांवर आपल्या गाडीची सावली चढली पाहिजे. ते बघायला बाहेरचा कॅमेरा लावून थांबाच, एवढं एक बरोबर दिसलं की सिम जिवंत वाटायला लागतो.

कॅबमध्ये ह्या वेळी ऊन पाठीमागून डावीकडून येणार, डॅशबोर्डवर थेट नाही. आणि त्याच दिवशी संध्याकाळी तीच गाडी पश्चिमेला जाताना सूर्य बरोबर समोर मावळणार, सिग्नलचे दिवे ओळखायला त्रास होणार. खऱ्या ड्रायव्हरला होतो तसाच.

पायरी ७: वळणावर बघा

वळणदार लाइन ही सगळ्यात कडक परीक्षा. कॅलिफोर्नियातल्या तेहाचपी लूपवर गाडी पूर्ण गोल फिरून स्वतःच्याच ट्रॅकवरून जाते. तिथे इंजिनाला कॅमेरा बांधून बसा. जमिनीवर सावलीची दिशा तीच राहिली पाहिजे, पण इंजिनाच्या हिशोबाने ती उजवीकडून पुढे, डावीकडे, मागे अशी पूर्ण एक फेरी मारून आली पाहिजे. कॅबमध्ये खिडकीच्या चौकटीचे कवडसे सीटवरून, पॅनलवरून सरकत गेले पाहिजेत. इंजिनाची सावली कायम एकाच बाजूला चिकटून राहत असेल तर ती खरी सावली नाहीच, मॉडेलला खाली लावलेलं काळं चित्र आहे, आणि त्याला कुठलीही सेटिंग दुरुस्त करू शकत नाही.

पायरी ८: आता क्वालिटीकडे या

इथे थोडक्यात, कारण प्रत्येक सिमचं मेनू वेगळं.

शॅडो डिस्टन्स आधी, रेझोल्युशन नंतर. १६० च्या स्पीडला गाडी सेकंदाला ४४ मीटर जाते, सावल्या २०० मीटरपर्यंतच दिसत असतील तर ५ सेकंदांच्या आत ते अंतर संपतं आणि समोर सावल्या उगवत येणारी एक रेघ सतत पळताना दिसते. बायस, म्हणजे सावली वस्तूपासून किती सरकवायची ती सेटिंग, जास्त असेल तर सावली चाकांपासून सुटते आणि डबा हवेत तरंगल्यासारखा वाटतो, कमी असेल तर डब्याच्या अंगावर काळे पट्टे येतात, मधलं काहीतरी हळूहळू शोधा, चाक आणि रूळ जिथे टेकतात तिथे झूम करून.

कडा सगळीकडे सारख्याच धारदार नकोत. सूर्य आकाशात अर्ध्या डिग्रीचा दिसतो, त्यामुळे सावली पाडणारी वस्तू सावलीपासून जितकी दूर तितकी कड पसरते, साधारण अंतराचा शंभरावा भाग. ३ मीटरवरच्या प्लॅटफॉर्म शेडची कड ३ सेंटिमीटर, ३० मीटरवरच्या इमारतीची २५-३०. ओव्हरहेड वायर तर बघण्यासारखी, कॉन्टॅक्ट वायर साधारण १२ मिलिमीटर जाड, तिची गडद सावली सव्वा मीटरच्या पुढे टिकतच नाही, आणि ती तर ५ मीटर वर आहे. म्हणजे खडीवर वायरची एक फिकट, पसरट, जेमतेम जाणवणारी रेघ पाहिजे. सिम काळीकुट्ट बारीक रेघ काढत असेल तर वायरची सावली सरळ बंद करा, जास्त खरं दिसेल.

ढगाळ हवामानात दिशेची सावली नसतेच, फक्त डब्याखाली, ब्रिजखाली अंधारल्यासारखं असतं. वेदर ओव्हरकास्ट करून पण कडक सावल्या येत असतील तर सूर्याच्या लाइटची तीव्रता उतरवा आणि आकाशाचा लाइट वाढवा. उन्हाच्या दिवशी सावलीचा रंग पण काळा ठेवू नका, तिच्यात आकाशाचा निळा उजेड असतो, आणि सूर्य जितका खाली आणि तांबूस तितकी सावली जास्त निळी वाटते.

राहता राहिलं टेक्स्चर. फोटोवरून बनवलेल्या इमारतींवर, छपराखाली, खिडक्यांच्या कडेला आधीच फोटोतली सावली छापलेली असते, आणि ती सिममधल्या सूर्याचं ऐकत नाही. जमिनीसाठी वरून घेतलेला फोटो वापरला असेल तर त्यातही तेच. पृथ्वीचे फोटो काढणारे बरेच सॅटेलाइट स्थानिक वेळेप्रमाणे सकाळी साडेदहाच्या आसपास वरून जातात, त्यामुळे उत्तर गोलार्धातल्या अशा फोटोत झाडांची सावली सहसा वायव्येकडे झुकलेली दिसते. तुमचा सीनारिओ संध्याकाळचा असेल तर एकाच झाडाला दोन सावल्या, एक सिमची आणि एक फोटोतली. ट्रॅकच्या दोन्ही बाजूंच्या पन्नासेक मीटरमध्ये तरी फोटो काढून टाकून साधं गवत-मातीचं टेक्स्चर रंगवा, लांबचं तसंच राहिलं तरी कॅबमधून लक्षात येत नाही.